लंडनच्या नव्या घरात अँटेनावरचा टीव्ही: पहिल्यापासून नीट कसा लावायचा

भारतातून येऊन लंडनमध्ये घर भाड्याने घेतलं की बैठकीच्या खोलीत, भिंतीच्या अगदी तळाशी, मधोमध गोल भोक असलेलं एक पांढरं सॉकेट दिसतं. नवी मंडळी बहुधा त्याच्यासमोर सोफा लावतात आणि विसरून जातात. वाय-फाय आहे, मराठी मालिका ॲपवर दिसतात, मग त्या भोकाचं काय काम?

काम आहे. त्याच्या दुसऱ्या टोकाला छपरावर अँटेना असेल तर बीबीसी, आयटीव्ही, चॅनल फोर, चॅनल फाइव्ह, लहान मुलांसाठी सीबीबीज आणि अशा कितीतरी वाहिन्या महिन्याचं बिल न भरता घरात येतात. ब्रॉडबँड बंद पडलं तरी त्या चालू राहतात. गावाकडून आई-वडील राहायला आले की त्यांना ॲप, पासवर्ड, प्रोफाइल यांत न अडकता रिमोटच्या एका बटणावर चित्र मिळतं. मराठी वाहिनी यावर एकही नाही, हे आधीच सांगते. पण बीबीसीच्या रेडिओ वाहिन्याही याच टीव्हीवर लागतात. माझे वडील इथे आले की इंग्लंडमधल्या कसोटीचं समालोचन पाचही दिवस त्यावरच ऐकायचे.

या सेवेचं नाव फ्रीव्ह्यू. २००२ साली सुरू झाली आणि निदान २०३४ पर्यंत ती चालू राहणार आहे, म्हणून आज नीट केबल टाकली तर ती मेहनत वाया जाणार नाही.

गेल्या काही वर्षांत ओळखीच्या बऱ्याच घरांत मी टीव्ही लावून दिले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. चित्र फुटत असेल तर दोष क्वचितच मनोऱ्याचा असतो. सिग्नल छपरापर्यंत धडधाकट पोचतो आणि छपरापासून टीव्हीपर्यंतच्या शेवटच्या पंधरा-वीस मीटरांत हरवतो. तो तुकडा आपल्या हातातला आहे, म्हणून या लेखात जास्त वेळ त्याच्यावरच घालवला आहे.

आधी टीव्ही लायसन्स

हे कुणी सांगत नाही आणि मग दारात पत्र येऊन पडतं. ब्रिटनमध्ये कुठल्याही वाहिनीचं थेट प्रक्षेपण पाहायचं असेल, मग ते अँटेनावर असो, लॅपटॉपवर असो की मोबाइलवर, टीव्ही लायसन्स लागतं. बीबीसी आयप्लेअरवर काहीही पाहायचं तरी लागतं. खर्च वर्षाला पावणेदोनशे पौंडांच्या घरात आहे आणि तो हप्त्यांनी भरता येतो. लायसन्स नसताना पाहिलं तर एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. चार मित्र मिळून एकाच भाडेकरारावर राहत असाल तर सगळ्या घराला एक लायसन्स पुरतं. प्रत्येकाचा करार वेगळा असेल तर आपापल्या खोलीतल्या टीव्हीसाठी ज्याने त्याने घ्यायचं.

मुंग्या आता दिसत नाहीत

ज्यांचं लहानपण दूरदर्शनवर गेलं त्यांना अँटेना फिरवणं माहीत आहे. पुण्यात १९७३ पासून मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यातून पोचायचे, आणि गच्च्यांवरच्या अँटेनांची तोंडं गडाकडे असायची. वारं सुटलं की अँटेना हलायची, पडद्यावर मुंग्या यायच्या, मग एकाने गच्चीवर जायचं आणि दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, “आलं, आलं, थांब, गेलं!” त्या जुन्या पद्धतीत मुंग्या वाढल्या की सिग्नल किती कमी झाला हे डोळ्यांना दिसायचं.

डिजिटलमध्ये तसं होत नाही. सिग्नल कमी होत गेला तरी एका मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छच राहतं. ती मर्यादा ओलांडली की चौकोन फुटतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा होतो. थोडक्यात, आज चित्र स्वच्छ आहे म्हणजे तुम्ही कड्यापासून दहा पावलं लांब आहात की अगदी काठावर, हे नुसतं बघून कळत नाही. काठावर असलात तर पहिल्याच पावसात, समोरच्या झाडाला पालवी फुटल्यावर किंवा शेजारच्या इमारतीसाठी क्रेन उभी राहिल्यावर टीव्ही जातो.

म्हणून टीव्हीच्या मेन्यूतला सिग्नल दाखवणारा पडदा शोधून ठेवा. सेटिंग्जमध्ये, बहुधा ट्यूनिंगच्या किंवा तपासणीच्या भागात, दोन पट्ट्या असतात, एक ताकदीची आणि एक दर्जाची. नवखा माणूस ताकदीची पट्टी पाहतो. तुम्ही दर्जाची पाहा. ताकद साठ टक्के आणि दर्जा शंभर असेल तर काही बिघडलेलं नाही. ताकद शंभर आणि दर्जा वरखाली नाचत असेल तर मात्र गडबड आहे.

तुमचा मनोरा कोणता

फ्रीव्ह्यूच्या संकेतस्थळावर घराचा पोस्टकोड टाकला की कोणत्या मनोऱ्यातून सिग्नल मिळेल ते कळतं. घर क्रमांकही टाका, कारण टेकडीच्या दोन बाजूंच्या घरांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. तिथेच सविस्तर माहिती उघडली तर मनोऱ्याची दिशा अंशांत मिळते.

लंडनच्या बहुतेक भागाचा मनोरा क्रिस्टल पॅलेसचा. शहराच्या दक्षिणेच्या टेकडीवर २१९ मीटर उंच उभा असलेला हा लोखंडी मनोरा १९५६ पासून प्रक्षेपण करतो आहे. त्या परिसरात पूर्वी क्रिस्टल पॅलेस नावाचं काचेचं प्रचंड प्रदर्शनगृह होतं, ते १९३६ साली जळालं. परिसराचं नाव त्याच्यावरूनच पडलं. आपली माणसं जिथे जास्त राहतात तिथून दिशा साधारण अशी: हॅरो आणि वेम्ब्लीहून आग्नेयेला, हाउन्स्लो आणि स्लाउहून पूर्वेला पण किंचित दक्षिणेकडे झुकून, इल्फर्डहून नैऋत्येला, क्रॉयडनहून उत्तरेला. हॅरोपासून सरळ रेषेत हे अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे आणि मनोऱ्याची ताकद २०० किलोवॉट. सिग्नल कमी पडण्याचं इथे काही कारण नाही.

लंडनबाहेर राहत असाल तर मनोरा बदलेल. बर्मिंगहॅमला सटन कोल्डफील्ड, मँचेस्टरला विंटर हिल, लीड्सला एम्ली मूर, मिल्टन कीन्सला सँडी हीथ. रीडिंगसारख्या मधल्या गावात हॅनिंग्टन आणि क्रिस्टल पॅलेस असे दोन पर्याय असू शकतात. तिथे फरक पडतो तो स्थानिक बातम्यांत: एकावर दक्षिण इंग्लंडच्या बातम्या, दुसऱ्यावर लंडनच्या.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा. खोलगट भागांत मोठ्या मनोऱ्याचा सिग्नल पोचत नाही, म्हणून तिथे छोटे दुय्यम मनोरे असतात. अशा बऱ्याच छोट्या मनोऱ्यांवरून वाहिन्यांचे (एका लहरीवर अनेक वाहिन्या एकत्र बांधून येतात, तो एक गठ्ठा) सहाऐवजी तीनच गठ्ठे येतात. त्यामुळे तुमच्या मित्राकडे दिसणारी एखादी वाहिनी तुमच्याकडे दिसतच नसेल, तर टीव्ही परत करायला धावू नका, आधी मनोरा कोणता ते बघा.

अँटेना: छपरावर, माळ्यावर की खिडकीत

छपरावरची अँटेना सगळ्यांत उत्तम, यात वाद नाही. पण छपरावर स्वतः चढू नका. इथली छपरं उतरती, ओली आणि शेवाळलेली असतात. आपल्याकडची सपाट गच्ची डोक्यात ठेवून शिडी लावू नका. हे काम अँटेना बसवणाऱ्या माणसाचं आहे, आणि घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय त्याला बोलावू नका. बऱ्याच घरांत छपरावर जुनी अँटेना आधीच असते. ती जुनी म्हणून निकामी ठरत नाही. विक्रेता ‘डिजिटल अँटेना’ म्हणून काही गळ्यात मारायला बघेल, पण अँटेनाला डिजिटल-ॲनालॉग कळत नाही. तिला फक्त लहरींची लांबी कळते.

दुसरा पर्याय छपराखालचा माळा, ज्याला इथे लॉफ्ट म्हणतात. कौलांतून येताना सिग्नलचा बराच भाग जातो, कधीकधी निम्म्याहून जास्त, पण क्रिस्टल पॅलेसच्या टप्प्यात एवढं परवडतं. मात्र छपराच्या आतून चकचकीत धातूचा पापुद्रा असलेलं इन्सुलेशन लावलेलं असेल, किंवा मनोऱ्याच्या बाजूच्या छपरावर सौर पॅनेल असतील, तर माळ्याचा विचार सोडा. पाण्याच्या टाकीमागेही अँटेना लावू नका.

तिसरा पर्याय खोलीतली अँटेना. नवे लोक हीच घेतात आणि निराश होतात. मीही घेतली होती. वेम्ब्लीच्या माझ्या पहिल्या फ्लॅटमध्ये खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेली, आत ॲम्प्लिफायर असलेली अँटेना आणली आणि टीव्हीच्या मागे ठेवली. दोन गठ्ठे दिसले, चार गायब. मग आठवडाभर ती हातात घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले. शेवटी ती लागली तिसऱ्याच खोलीत, आग्नेयेकडच्या खिडकीशी, पडद्याच्या दांड्यावर. तेव्हापासून कुणी विचारलं की मी एकच सांगते: मनोऱ्याच्या बाजूची खिडकी, जितकं उंच जमेल तितकं उंच, आणि टीव्ही, राउटर, रेडिएटर यांच्यापासून लांब. केबल लांब करावी लागली तरी चालेल. नव्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तो सिग्नलही अडवतो. तिथे विटांच्या भिंतीशी ठेवलेली अँटेना काचेपेक्षा चांगली चालताना मी पाहिली आहे.

नवीन अँटेना घ्यायचीच असेल तर लंडनसाठी ‘लॉग पिरिऑडिक’ प्रकारची घ्या. माशाच्या सांगाड्यासारखी दिसते, एका टोकाला काड्या आखूड आणि दुसऱ्या टोकाला लांब. फार मोठी नसते, वाऱ्याला दाद देत नाही आणि रस्त्यावरच्या वाहनांचा, घरातल्या यंत्रांचा खरखराट कमी पकडते.

तोंड कुठे आणि काड्या कशा

आखूड काड्यांचं टोक मनोऱ्याकडे. हे उलटं लावलेलं मी एकदा नाही, तीनदा पाहिलं. मोबाइलमधल्या होकायंत्राने दिशा धरा. माळ्यावर लोखंड जवळ असेल तर होकायंत्र चुकतं, म्हणून दिशा बाहेर रस्त्यावर उभं राहून ठरवा आणि एखादी खूण लक्षात ठेवा. रस्त्यावरच्या शेजाऱ्यांच्या अँटेना बघा. दहापैकी आठ एकाच दिशेला असतील तर तुमचंही उत्तर तेच.

आता काड्या आडव्या की उभ्या? क्रिस्टल पॅलेस आणि इतर बहुतेक मोठे मनोरे आडव्या लहरी पाठवतात, म्हणून काड्या जमिनीला समांतर. छोटे मनोरे साधारणपणे उभ्या लहरी पाठवतात, म्हणजे एकमेकांच्या सिग्नलची सरमिसळ होत नाही. तिथे काड्या उभ्या. हे चुकलं तर अँटेना कितीही महागडी असो, बहुतेक सिग्नल तिला दिसतच नाही.

केबल: इथेच सगळं हरवतं

हॅरोमधल्या एका कुटुंबाकडे तीन टीव्ही होते आणि तिन्हींवर आयटीव्ही फुटायचं. त्यांनी दोन वर्षांत दोन ॲम्प्लिफायर घेतले होते. छपरावरची अँटेना उत्तम होती. केबल मात्र जुनी, पातळ, आणि मधे एका ठिकाणी दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. त्या जोडात पाणी जाऊन तांबं काळं पडलेलं. खाली एका स्प्लिटरला, म्हणजे एका केबलचा सिग्नल अनेक टीव्हींना वाटणाऱ्या जोडाला, दुसरा स्प्लिटर लावलेला. आम्ही ॲम्प्लिफायर काढून टाकले, एकसंध नवी केबल टाकली, स्प्लिटर एकच ठेवला. तिन्ही टीव्ही चालू झाले. त्या घरातल्या आजींनी त्या दिवशी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

चांगल्या केबलची ओळख सोपी आहे. टोक सोलून बघा. मधे तांब्याची एक जाड तार, तिच्याभोवती पांढरा थर, त्यावर तांब्याचा पातळ पापुद्रा आणि त्यावर तांब्याची दाट जाळी. पापुद्रा नसेल आणि जाळी विरळ असेल तर ती केबल सिग्नल गळू देते आणि बाहेरचा खरखराट आत घेते. इथल्या बाजारात ७५ ओहमची, दुहेरी आवरणाची केबल मागा, त्यावर सीएआय या इथल्या व्यावसायिक संघटनेचा शिक्का असेल तर उत्तम. अशी केबलसुद्धा दर १० मीटरला दीड-दोन डेसिबेल खाते. तीन डेसिबेल गेले म्हणजे निम्मा सिग्नल गेला, हा हिशोब ध्यानात ठेवा. दोन तोंडांचा एक स्प्लिटर प्रत्येक तोंडाला निम्म्याहून कमीच देतो. दोन स्प्लिटर एकापुढे एक लावले की पाव भागही उरत नाही.

प्लग बसवताना जाळीची एखादी बारीक तार मधल्या तारेला चिकटते आणि सगळंच बंद पडतं. अंगठ्याने चाचपून बघून समाधान मानू नका, चष्मा लावून उजेडात बघा. बाहेरून येणारी केबल भिंतीत शिरण्याआधी थोडी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून टपकून जातं, घरात येत नाही. केबलला काटकोनात मोडू नका. टीव्हीच्या मागे अँटेनाची साधी तार एचडीएमआयच्या तारेला गुंडाळून ठेवली असेल तर सोडवा. स्वस्त एचडीएमआय तार कधीकधी नेमकी काही वाहिन्या बिघडवते.

ॲम्प्लिफायर कधी

शेवटी, आणि गरज असेल तरच. ॲम्प्लिफायर दर्जा सुधारत नाही. आलेला सिग्नल आणि आलेला खरखराट तो दोन्ही सारखेच वाढवतो. घरात चार-पाच टीव्ही असतील किंवा केबल फार लांब असेल तर तो उपयोगी पडतो, पण तो अँटेनाजवळ हवा, नुकसान व्हायच्या आधी. टीव्हीच्या मागे लावलेला ॲम्प्लिफायर म्हणजे वाटेत सांडून गेल्यावर भांडं मोठं करण्यासारखं.

सिडनम, नॉरवुड अशा मनोऱ्याच्या पायथ्याशी राहत असाल तर उलटाच त्रास होतो. सिग्नल इतका जोरात येतो की टीव्ही गुदमरतो आणि चित्र कमजोर सिग्नलसारखंच फुटतं. तिथे ॲम्प्लिफायर काढा, आणि तरी भागलं नाही तर अटेन्युएटर नावाचा, सिग्नल कमी करणारा, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा तुकडा केबलमध्ये बसवा. पाच-सात पौंडांत काम होतं.

ट्यूनिंग

केबल जोडली, आता मेन्यूतून देश युनायटेड किंगडम निवडा आणि आपोआप ट्यूनिंग चालवा. टीव्ही भारतातून आणला असेल तर तो इथला डिजिटल सिग्नल ओळखेलच असं नाही. न ओळखल्यास फ्रीव्ह्यू एचडीचा वेगळा डबा एचडीएमआयने जोडा. टीव्ही इथे नवीन घेतलेला असेल तर ट्यूनर आतच असतो. काही नव्या टीव्हींत फ्रीली नावाची सोयही आहे, २०२४ साली सुरू झालेली. ती याच मुख्य वाहिन्या ब्रॉडबँडवरून थेट दाखवते, त्यामुळे जिथे अँटेना शक्यच नाही तिथे ती बघा.

एका लहरीवर अनेक वाहिन्या एकत्र बांधून येतात. मघापासून मी ज्याला गठ्ठा म्हणते तो हाच, इथे त्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. क्रिस्टल पॅलेसचे सहा मुख्य गठ्ठे २२, २३, २५, २६, २८ आणि ३० या यूएचएफ क्रमांकांवर (हे लहरींचे क्रमांक, रिमोटवरचे नव्हेत) आहेत. २३ वर बीबीसीच्या साध्या वाहिन्या, २६ वर आयटीव्ही, चॅनल फोर वगैरे, ३० वर एचडी. चित्र फुटतं तेव्हा कुठल्या वाहिन्या फुटतात ते पाहा. एकाच गठ्ठ्यातल्या सगळ्या फुटत असतील तर त्या क्रमांकाचा दर्जा तपासा. सगळेच गठ्ठे फुटत असतील तर केबल किंवा अँटेना.

काही घरांत टीव्ही दोन मनोरे पकडतो आणि क्रमांक १ वर भलत्याच भागाच्या बातम्या लावून ठेवतो. तुमच्या भागाची वाहिनी ८०० च्या पुढे कुठेतरी जाऊन बसलेली असते. अशा वेळी आपोआप ट्यूनिंग सोडा, हाताने ट्यूनिंग निवडा आणि वरचे सहा क्रमांक एकेक करून भरा. पंधरा मिनिटं लागतात, पण यादी स्वच्छ होते. एचडी वाहिन्या १०१ पासून सुरू होतात. पुष्कळ लोक वर्षानुवर्षं १ वरच बीबीसी पाहतात आणि १०१ त्यांना माहीतच नसतं.

अचानक गेलं तर

उन्हाळ्यात हवेचा दाब चढला की, विशेषतः संध्याकाळी आणि पहाटे, दूरदूरच्या मनोऱ्यांचे सिग्नल वाकून आपल्याकडे येतात आणि आपल्या सिग्नलमध्ये मिसळतात. चित्र फुटतं. अशा वेळी पुन्हा ट्यूनिंग करू नका! हे मी उद्गारचिन्ह देऊन लिहिते आहे, कारण जवळजवळ प्रत्येक जण नेमकं तेच करतो. बिघडलेल्या सिग्नलवर ट्यूनिंग केलं की साठवलेल्या वाहिन्या पुसल्या जातात आणि हवा सुधारल्यावरही त्या परत येत नाहीत. एक-दोन दिवस थांबा.

नवा मोबाइल मनोरा जवळ सुरू झाल्यावर त्रास सुरू झाला असेल तर ‘रिस्टोर टीव्ही’ या सेवेला कळवा. मोबाइलचा सिग्नल गाळणारा फिल्टर ते मोफत देतात. एखादा एलईडी दिवा लावला की चित्र फुटतं, असंही होतं. संशय आला तर घरातले दिवे एकेक करून बंद करा.

फ्लॅटमध्ये राहत असाल आणि भिंतीतलं सॉकेट सगळ्या इमारतीच्या सामायिक अँटेनाला जोडलेलं असेल, तर आपल्या घरात काहीही उचकटू नका. शेजाऱ्याला विचारा. त्याच्याकडेही गेलं असेल तर इमारतीची देखभाल करणाऱ्यांना लेखी कळवा, दुरुस्ती त्यांच्याकडे आहे.

आणि सगळं लागल्यावर, चित्र स्वच्छ असलेल्या एखाद्या दिवशी, सहाही गठ्ठ्यांची ताकद आणि दर्जा कागदावर लिहा. त्याखाली मनोऱ्याचं नाव, दिशा, काड्या आडव्या की उभ्या, आणि तारीख. तो कागद फ्यूजच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या खेपेला चित्र फुटलं की त्या दिवशीचे आकडे शेजारी ठेवून बघा. सहाही एकदम घसरले असतील तर आधी बाहेरच्या केबलचा जोड उघडा.